चंपतराव कळंब्यांचा करडा बॅज

नरखेड तालुक्यातल्या वडसोंडीच्या स्टँडवर उतरलं की उजव्या हाताला पत्र्याचं एक दुकान दिसतं. पाटीवर ‘कळंबे मोटर बाइंडिंग’ असं लिहिलेलं आहे. पाटीचा रंग उडाला आहे, पण ती वाचायची गरज कोणाला पडत नाही. दुकानासमोर विहिरींवरच्या जळालेल्या मोटरींचा ढीग आणि आत वार्निशचा वास, एवढी खूण पुरते.

दुकान चंपतरावांचं. माणूस उंच, सडपातळ, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला. बोलणं कमी. गिऱ्हाईक मोटरसायकलच्या मागच्या सीटवर मोटर बांधून आणायचं, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात आणावं तसं, आणि चंपतराव काही न विचारता आधी मोटरीचा वास घ्यायचे. नुसत्या वासावरून किती जळली ते त्यांना समजायचं.

नववीतून शाळा सुटली तेव्हा वडिलांनी त्यांना नागपूरला इतवारीत एका बाइंडिंगवाल्याकडे, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार भरणाऱ्याकडे, ठेवलं. उस्ताद कडक होते. पहिलं वर्षभर त्यांनी पोराला नवीन तार हातात घेऊ दिली नाही. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार उलगडायची आणि वेढे मोजत राहायचं, एवढंच काम. मग हळूहळू वेढे भरायला शिकवलं, इन्सुलेशनचा कागद कापायला शिकवलं, आणि एक गोष्ट अगदी पहिल्या दिवसापासून बजावली. चालू मोटरीच्या अंगाला कधी तळहात लावायचा नाही. बोटांची पालथी बाजू हळूच लावायची. करंट उतरला असला तर हात आपोआप आत वळतो आणि सुटतो. तळहात लावला तर तीच मूठ वळते आणि मोटरीला धरून ठेवते.

ही विद्या काही उस्तादांचीच नव्हती. नागपुरात उन्हाळ्याचा कूलर सुरू झाला की घरातली लहानथोर सगळी माणसं पाणी भरण्याआधी त्याच्या पत्र्याला पालथी बोटं लावून पाहतातच. पण चंपतरावांच्या हातात ती सवय श्वासासारखी मुरली. इस्त्री असो, फ्रीज असो, कोणाच्या घरचा मिक्सर असो, त्यांची पालथी बोटं आधी तिथं जाऊन यायची.

उस्तादांनी निरोप देताना पाठीवर हात ठेवला. कागद काही दिला नाही, आणि मागावा असं चंपतरावांना सुचलंही नाही. गावी येऊन त्यांनी दुकान टाकलं आणि पस्तीसेक वर्षं आसपासच्या संत्र्या-मोसंबीच्या बागांना त्यांच्या हातच्या मोटरींनी पाणी पाजलं. रुखमाबाईंशी लग्न झालं, मिनल झाली, ती शिकली, नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत लागली. सगळं तांब्याच्या तारेवर झालं.

मग बागांमधून सोलरची पॅनलं दिसायला लागली.

आधी एक, मग चार, मग ज्याच्या त्याच्या विहिरीवर. दिवसा पाणी, रात्रीचं जागरण नाही, बिल नाही. लोक खूश होते आणि चंपतरावांनाही त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. फक्त दुकानासमोरचा ढीग कमी होत गेला. एकदा देवराव नावाचे बागाईतदार दुकानासमोरून गाडी हळू करत जात होते. चंपतरावांनी हाक मारली.

“काहून गा देवराव, पंप चालू हाय ना?”

“बंद पडला भाऊ, चार दिस झाले. कंपनीच्या माणसाची वाट पाहून राहिलो.”

“मी पाहू का?”

देवरावांनी गाडी थांबवली, पण खाली उतरले नाहीत. “तुमच्या हातावर भरोसा हाय भाऊ. पण वारंटीत हाय न ते. बॅजवाल्या माणसाशिवाय कोणी खोललं तर कंपनी हात वर करते. आपल्या तालुक्यात असा माणूसच नाई म्हणते. नागपूरहून येईल तवा येईल.”

त्या रात्री चंपतरावांना नीट झोप लागली नाही. हात आहेत, हत्यारं आहेत, गाव ओळखतं, आणि आपल्याच गावच्या पंपाला हात लावायची आपल्याला परवानगी नाही, ही गोष्ट गळ्याखाली उतरेना.

रविवारी मिनल घरी आली तेव्हा त्यांनी विचारलं, “बॅज म्हणजे का राहते वं?”

मिनलनं मोबाइल उघडून पुढं केला. त्यावर तिच्या नावाची रंगीत षटकोनी चित्रं होती. “हे माझे बॅज, बाबा. कंपनीत काही नवीन शिकलं, की मिळतात.”

“स्काउटच्या पोट्ट्यांले राहाचे तसे? शर्टाले लावाचे?”

“शर्टाला नाही. मोबाइलमध्येच असतात. कोणाला खात्री करायची असली तर त्यानं हा चौकोन स्कॅन करायचा. मग पान उघडतं. कोणी दिला, कधी दिला, आणि त्यासाठी आपण काय काय करून दाखवलं, ते सगळं लिहिलेलं असतं.”

“करून दाखवलं?”

“हो. नुसतं बसून मिळत नाही.”

चंपतरावांना हे पटलं. जन्मभर त्यांनी करूनच दाखवलं होतं, फक्त ते कोणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. त्यांनी विचारलं, “सोलर पंपाचा असा भेटते का?”

मिनलनं तिथल्या तिथं शोधलं. नागपूरला वर्धा रोडवर एका प्रशिक्षण केंद्रात सौर पंप तंत्रज्ञाचा वर्ग होता. वयाची अट नव्हती. रुखमाबाई चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या, तिथूनच म्हणाल्या, “आता या वयात शाळेत जाता काय? दप्तर आणू का बाजारातून?”

“आण. डब्बाही आण,” चंपतराव म्हणाले. पण त्यांनी नाव घातलं.

बेसा भागात मिनलची खोली होती, तिथं ते राहायला आले. वर्गात सगळी आयटीआय झालेली पोरं. शिकवायला धम्मानंद सर होते, तिशी ओलांडलेले, शांत आवाजाचे. ते चंपतरावांना काका म्हणत, पण सूट कसलीच देत नसत. मोबाइलवर धडे असत, धड्याखाली प्रश्न असत, आणि प्रत्येक भागाचं काम प्रत्यक्ष करून दाखवलं की त्याचा छोटा बॅज रंगत असे.

सुरुवातीला चंपतराव पार गोंधळले. मोटर त्यांची ओळखीची, पण तिच्या डोक्यावर बसलेला कंट्रोलर नावाचा डबा त्यांना काही केल्या आपला वाटेना. त्याच्या आतला लाल-हिरवा दिवा काय सांगतो ते त्यांनी आठवडाभर पाठ केलं. पॅनल दक्षिणेकडं किती कलतं ठेवायचं, सावली एका कोपऱ्यावर पडली तरी सगळ्या रांगेचं पाणी कसं कमी होतं, हे त्यांनी पोरांच्या शेजारी बसून समजून घेतलं. चुकलं तर पोरं हसत, आणि चंपतरावही हसत. एकेक छोटा बॅज रंगत गेला. तो रंगला, की ते संध्याकाळी मिनलला दाखवत, आणि ती घरच्या ग्रुपवर टाकी.

आता राहिला होता मुख्य बॅज, सौर पंप तंत्रज्ञ. अॅपमध्ये तो सगळ्यांना आधीपासूनच दिसायचा. नाव घातलेला, चौकोनासकट, पण करडा. शेवटचं प्रात्यक्षिक पार पडलं, की तो निळा होणार होता. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी मिनलनं त्याचा फोटो काढून ‘कळंबे परिवार’ या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, “बाबा शेवटच्या टप्प्यावर!”

तो फोटो गावात बाबारावांनी पाहिला, आणि तिथंच सगळ्यानं वळण घेतलं.

बाबाराव हे चंपतरावांचे चुलतभाऊ आणि लंगोटीयार. धंदा संत्र्याचा, छंद फ्लेक्सचा. कोणाचा पोरगा पोलिसात लागला, कोणाची सून सरपंच झाली, कोणाचा बैल शंकरपटाच्या शर्यतीत पळाला, की दुसऱ्या दिवशी स्टँडवर अभिनंदनाचा फ्लेक्स. बाबारावांनी मिनलचं वाक्य अर्धंच वाचलं. करडा रंग त्यांना चांदीचा वाटला. आपल्या चंपत्याला चांदीचा बॅज मिळाला, या आनंदात ते तडक नरखेडला प्रिंटिंगवाल्याकडे गेले.

इकडं प्रात्यक्षिक सुरू झालं होतं. केंद्राच्या आवारात पॅनलं उन्हात उभी होती. पंप मुद्दाम बिघडवून ठेवलेला. चंपतरावांनी बिघाड ओळखला. सर टॅबवर खुणा करत होते. चंपतरावांनी कंट्रोलरचं बटण बंद केलं, डब्याचं झाकण उघडलं, आणि पुढचं हत्यार घ्यायला वळण्याआधी त्यांच्या उजव्या हाताची पालथी बोटं त्यांच्या नकळत डब्याकडं गेली.

“थांबा, काका.”

बोटं टेकली नव्हती. नखभर अंतर राहिलं होतं.

“काही नाई सर. लाइन बंद हाय.”

“बंद आहे हे कशावरून?”

“हात लावून पाहातच होतो न.”

“हात लावायच्या आधी कळलं पाहिजे, काका.”

सर पुढं आले. त्यांनी मीटरची दोन टोकं डब्यातल्या तारांना लावली आणि मीटर चंपतरावांसमोर धरलं. आकडा घरच्या लाइटीच्या दुपटीहून जास्त होता. “तुम्ही पंप बंद केला, पॅनल नाही. पॅनलकडून येणारा मोठा स्विच तसाच आहे. शेतातली लाइट जाते, ही जात नाही. ऊन आहे तोवर पॅनल जागं आहे. आणि हा करंट एवढा आहे, की हात सुटायची वाट पाहत नाही. पालथा लावला तरी जीव घेतो.”

चंपतरावांनी हात मागं घेतला. घामेजलेला हात त्यांनी पँटला पुसला.

“तुमचं बाकी सगळं बरोबर होतं,” सर म्हणाले. “पण यावर मी तुम्हाला पास करू शकत नाही. पुढच्या बॅचसोबत पुन्हा या.”

सर टॅब घेऊन दुसऱ्याकडं गेले. पोरांपैकी कोणी हसलं नाही. त्यापेक्षा ती हसली असती तर बरं, असं चंपतरावांना वाटलं.

संध्याकाळी ते काटोलमार्गे एसटीनं निघाले. खिडकीशी बसून आपला उजवा हात ते पुन्हा पुन्हा पाहत राहिले. आधी राग आला. एवढी वर्षं या हातानं गाव चालवलं, आणि एका क्षणात नापास. मग हळूहळू तो आकडा डोळ्यांसमोर यायला लागला, आणि नखभर अंतरही. उस्तादांचं शिकवणं खोटं नव्हतं, पण ते उस्तादांच्या करंटापुरतं होतं. सर नसते, देवरावांची बाग असती, तर? गाडीत उकडत नव्हतं, तरी त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं.

वडसोंडीला उतरले आणि समोर पाहतात तर काय!

त्यांच्याच दुकानावर, पत्र्याच्या वर, भलामोठा फ्लेक्स. ‘वडसोंडीचे भूषण’ असं वर, खाली त्यांचं नाव. फोटो मिनलच्या साखरपुड्यातला, डोक्यावर फेटा असलेला. शेजारी तो करडा बॅज ताटाएवढा मोठा करून छापलेला, चौकोनासकट. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत डोक्याला डोकं लागलेलं, आणि सगळ्यांच्या मधोमध, चंपतरावांपेक्षाही थोडा मोठा, कानाला मोबाइल लावलेला बाबारावांचा फोटो.

खुद्द बाबाराव झेंडूचा हार घेऊन उभेच होते. “आला रे भूषण! ये बे चंपत्या, वाक जरा, तुह्या उंचीले तं हार पोचून नाई राहिला.”

चंपतराव वाकले नाहीत. बाबारावांचा हात धरून ते त्यांना दुकानाच्या आत घेऊन गेले.

“नापास झालो मी.”

“आं?”

“बॅज नाई भेटला. तो करडा हाय. पास झाल्यावर निळा होते.”

बाबारावांचा चेहरा पडला. ते खालीच बसले, जळक्या मोटरीवर. “मले वाटलं चांदीचा हाय!”

“कोणाले इचारलं का?”

“तुह्या आनंदात कोणाले इचारू, बे?” बाबाराव कळवळून म्हणाले. मग दाराबाहेर डोकावून हळू आवाजात म्हणाले, “हे पाय, कोणाले सांगू नको. लोकाइले का समजते? फ्लेक्स चार दिस राहीन, मंग उतरवू. तोवर तू पास हो.”

“आन् तो चौकोन? मोबाइल धरला की काहून नापास झालो, सगळंच दिसते न त्यात.”

बाबारावांनी थोडा विचार केला. मग बाहेर जाऊन त्यांनी तो हार फ्लेक्सच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर बरोबर बसवला, खिळा ठोकून. फोटोला नाही, नावाला नाही, खाली कोपऱ्याला हार घातलेला तो तालुक्यातला पहिलाच फ्लेक्स असावा.

घरी रुखमाबाईंनी ऐकून घेतलं. ताट वाढलं. ते जेवत असताना म्हणाल्या, “मंग? गावानं इचारलं तं का सांगाचं मी?”

“तू काय सांगशीन?”

“तुमी सांगान ते.”

चंपतराव घास हातात घेऊन बसले. झाकलं तर कोणाला कळणार नव्हतं, कदाचित महिनाभर. पण देवरावांसारखा एखादा त्या फ्लेक्सवर भरोसा ठेवून म्हणेल, चला भाऊ, आता तुम्हीच खोला. आणि आपण नाही कसं म्हणणार? भूषण लिहिलेलं आहे वर. खोललं, तर ज्या हातावर नापास झालो तोच हात त्या डब्यात जाणार. बॅज तर एवढ्यासाठीच आहे, की समोरच्याला आपल्या शब्दावर विसंबावं लागू नये. त्याच्यावर झेंडू बांधायचा, तर तो कशाला पाहिजे होता?

सकाळी दुकान उघडण्याआधी त्यांनी स्टूल घेतला, खिळा उपटला आणि हार काढून टाकला. टपरीवर चहा पिणारी माणसं पाहत होती. चंपतराव त्यांच्याकडं वळून म्हणाले, “ज्याले पाहाचं त्यानं पाहून घ्या. आजून पास नाई झालो मी. पुढच्या खेपेले पुन्हा चाललो.”

एवढं मोठं वाक्य ते चौकात पहिल्यांदाच बोलले असतील. कान लाल झाले होते. बाबाराव कपाळावर हात मारून बाकड्यावर बसले.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. स्टँडवर गाडीची वाट पाहणाऱ्यांना नवीन करमणूक मिळाली. जो येई तो मोबाइल काढून चौकोनावर धरी, पान उघडी आणि दुकानाकडं पाहून विचारी, “का चंपतराव, आजून हिरवंच हाय का संत्रं?” कोणी म्हणे, “पाणी कमी पडलं वाट्टे.” चंपतराव मान खाली घालून वेढे भरत. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. लोक चेष्टा करत होते, पण करता करता पानावर खाली लिहिलेलं नापासाचं कारणही वाचत होते. एक दिवस देवराव आले आणि गंभीरपणे म्हणाले, “भाऊ, त्या डब्यात ऊन हाय तोवर करंट राहते, हे खरं हाय काय? आम्ही तं पंप बंद करून आतून पाली काढतो, हातानं.”

“खरं हाय,” चंपतराव म्हणाले. “मी त्याच्यावरच नापास झालो. हात नोका लावू देवराव. पॅनलाचा मोठा स्विच पाडा आधी, आन् तरीबी थांबा.”

देवरावांनी त्या दिवशी चेष्टा केली नाही.

खरी लढाई घरात चालली होती. सवय मोडायची होती, आणि ती हातात असल्यामुळं डोक्याचं ऐकत नव्हती. रुखमाबाईंनी हे काम अंगावर घेतलं. चंपतरावांची पालथी बोटं फ्रीजकडं गेली, की रुखमाबाई हातातलं उलथणं त्यांच्या मनगटावर मारत.

“आई गं!”

“आई गेली तुमची सरगात. स्विच पाहा आधी.”

“वं, फ्रीज हाय तो. घरचा हाय.”

“हाताले समजते का घरचा का दारचा? मी सांगते म्हून स्विच पाहा.”

इस्त्रीला हात गेला की उलथणं. मिक्सरला गेला की उलथणं. एकदा तर गरम दूध निवलं का पाहायला त्यांनी पातेल्याला पालथी बोटं लावली, आणि तिथंही उलथणं बसलं. “हे तं दूध हाय!” असं ते ओरडले, तेव्हा रुखमाबाई म्हणाल्या, “तुमच्या हाताची खोड सुटली की मले सांगा, मंग दूध पाहू.” शेजारच्या बाया ऐकून हसत. पण हळूहळू चंपतरावांचा हात उचलला की अर्ध्यात थांबायला लागला. आधी डोळे स्विचकडं जायचे, मग हात. रुखमाबाईंचं उलथणं पुन्हा भाकरीपुरतं राहिलं.

पुढच्या बॅचचं प्रात्यक्षिक आलं. ऊन तसंच होतं, पॅनलं तीच. धम्मानंद सरांनी काही ओळख दाखवली नाही, आणि चंपतरावांना ते आवडलं. त्यांनी पंप बंद केला. मग पॅनलाकडून येणारा स्विच पाडला आणि त्याला कुलूप घातलं. रबरी हातमोजे चढवले. मग ते नुसते उभे राहिले, डब्यात साठलेला करंट उतरेपर्यंत. त्या थांबण्यात किती जीव जातो, हे ज्यानं जन्मभर घाईत मोटरी दुरुस्त केल्या त्यालाच कळेल. मागे एक पोरगा चुळबुळला. चंपतराव हलले नाहीत. मग झाकण उघडलं, मीटर लावलं, शून्य पाहिलं, मोठ्यानं “शून्य” म्हटलं, आणि मगच आत हात घातला.

बिघाड काढायला फार वेळ लागला नाही. पाइपातून पाणी आलं तेव्हा सरांनी टॅबवर बोट टेकवलं आणि पहिल्यांदा हसले. “काका, पुढच्या वर्गाला तुम्ही एक दिवस येऊन बोलाल का? माझं सांगणं पोरं ऐकतात, पण जुने मेकॅनिक ऐकत नाहीत. त्यांना तुमचं पटेल.”

“मी का बोलणार सर?”

“नापास कसे झालात ते सांगा. तेवढंच.”

चंपतराव उत्तर देणार, तोच खिशातला फोन वाजला. पलीकडून बाबारावांचा आवाज एवढा मोठा होता, की सरांनाही ऐकू आला. “निळा झाला बे! चंपत्या, निळा झाला! सकाळपासून फ्लेक्सपुढंच उभा हाय मी, दर घडीले मोबाइल धरून पाहून राहिलो! तुले सांगितलं का नाई कोणी आजून?”

“तूच सांगून राहिला न,” चंपतराव म्हणाले. त्यांना एवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी ते गावी उतरले. बाबारावांनी या वेळी नवीन फ्लेक्स छापला नव्हता, आणि त्याबद्दल चंपतरावांनी त्यांचे मनातल्या मनात आभार मानले. पण माणसं जमवली होती. टपरीवाला होता, देवराव होते, आणि गर्दीत, पदर सावरत, रुखमाबाई उभ्या होत्या. त्या स्टँडवर अशा कधी येत नसत. मिनलनं दिवाळीला दिलेला मोबाइल त्यांच्या हातात होता.

“लोक पाहून राहिले इतक्या दिसांपासून,” त्या म्हणाल्या. “मीच तेवढी राहिले. कसं धराचं असते ते?”

देवरावांनी दाखवलं. रुखमाबाईंनी फोन जुन्याच फ्लेक्सवरच्या चौकोनासमोर धरला. पहिल्यांदा हात हलला. दुसऱ्यांदा पान उघडलं. वर निळा बॅज, खाली नाव. रुखमाबाई चौथी शिकलेल्या. त्या वाचायला लागल्या, एकेक अक्षर जोडत, मोठ्यानं, शाळेत उभं राहून वाचावं तशा.

“चं-पत-राव... कळं-बे. सौर पंप... तंत्रज्ञ.” मग खालचं. “या व्यक्तीने पुढील कामे परीक्षकासमोर... प्रत्यक्ष करून दाखवली आहेत.” कोणी तरी ‘वाहवा’ म्हटलं. बाबारावांनी त्याला दटावलं, “वाचू दे बे.” पॅनलची दिशा आणि कल ठरवणे. पंप विहिरीत सोडणे. बिघाड ओळखणे. प्रत्येक ओळीला देवराव मान हलवत होते. नरखेडची गाडी आली, चालकानं हॉर्न वाजवला, पण चढणारे दोघेतिघे पायरीवर एक पाय ठेवून ऐकत राहिले. “करंट... पूर्ण बंद असल्याची... मीटरने खात्री करूनच... काम करणे.” इथं रुखमाबाई अडखळल्या, ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि या वेळी सलग वाचली.

चंपतराव थोडे बाजूला, दुकानाच्या खांबाला टेकून उभे होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपलं काम रुखमाबाईंच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. रुखमाबाईंच्या लेखी ते ‘मोटर दुरुस्ती’ होतं, बस्स. आता त्यात एवढ्या ओळी होत्या.

पान संपलं. रुखमाबाईंनी फोन खाली घेतला आणि गर्दीच्या डोक्यावरून नवऱ्याकडं पाहिलं.

“हे सगळंच येते तुमाले?”

माणसं वळून पाहायला लागली. चंपतरावांचे कान पुन्हा लाल झाले, पण मान खाली गेली नाही.

“येते,” ते म्हणाले.